डॉ. समस्त धुमाळ परिवार

आमच्या अमेयचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट, म्हणजे दोन हजार चोवीसची. अमेय हा माझा थोरला नातू. लग्न डिसेंबरात नागपूरला होतं आणि पत्रिकेचं खातं माझ्याकडे होतं. कोलकात्यात राहून मराठी पत्रिका छापून घेणं हे काम ज्यांनी केलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. छापखान्यातला माणूस देवनागरी छापतो, पण हिंदीच्या हिशेबाने. सगळं जुळवून पुन्हा मजकूर आणला की त्यात काहीतरी नवीन निघायचं. एकदा तर नवरा आणि नवरी दोघंही आमचेच निघाले.

पण पत्रिकेची खरी परीक्षा अक्षरांची नसते, नावांची असते. निमंत्रक कोण, आपले विनीत कोण, मामा वर की आत्या वर, आणि खाली किलबिल म्हणून कोणाकोणाची मुलं. शेवटी 'समस्त धुमाळ परिवार' हे घालावंच लागतं, कारण कितीही काळजी घेतली तरी कोणीतरी सुटतंच आणि त्या बिचाऱ्याला कुठेतरी उभं राहायला जागा हवी. माझ्या मुलाच्या, वसंताच्या लग्नात सांगलीच्या एका चुलतभावाचं नाव राहिलं. तो लग्नाला आला, जेवला, आहेर केला आणि त्यानंतर बत्तीस वर्षं माझ्याशी बोललेला नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: नाव घातल्याने कोणाचं काही बिघडत नाही, गाळल्याने बिघडतं.

हा नियम माझ्या हाडात इतका का भिनला त्याचंही कारण आहे. मी इथल्या खिदिरपूरच्या गोदीत खलाशी, म्हणजे ओझ्याचा मजूर म्हणून लागलो आणि क्रेनचा फोरमन होऊन निवृत्त झालो, पण चाळिशी येईपर्यंत मला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. बायकोने शिकवलं. पाटी मला लहान मुलांची वाटायची, वहीचं पान माझ्या बोटांखाली फाटायचं, म्हणून तिने घरात साठलेल्या लग्नपत्रिका काढल्या. जाड कागद, ठळक अक्षर, सोनेरी किनार. म्हणजे लोक बाराखडीवर वाचायला शिकतात, मी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वर शिकलो. इंग्रजी पुढे खोक्यांवरून शिकलो. 'ही बाजू वर' हे मी आठ देशांच्या इंग्रजीत वाचू शकतो. एवढ्या शिदोरीवर माणूस काय काय करू शकतो ते आता सांगतो.

अमेयची धाकटी बहीण नूपुर डासांवर पीएचडी करते. आमच्या बालीगंजच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर, टाक्यांत, कुंड्यांच्या बशांत डेंग्यूचे डास कुठे आणि कसे वाढतात, हा तिचा विषय. पाच वर्षं झाली. त्यावर तिने एक निबंध लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला होता. त्यांचं कार्यालय इथेच, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये आहे. त्यांनी दुरुस्त्या सुचवून तो परत केला, तिने दुरुस्त्या केल्या, आणि गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत तो संगणकावरून परत पाठवायचा होता. हा निबंध स्वीकारला गेला तरच तिला वर्षअखेर प्रबंध देता येणार होता. नाही तर शिष्यवृत्ती संपणार आणि मुलगी पाच वर्षं डासांमागे फिरून रिकाम्या हाताने घरी बसणार, एवढा सरळ मामला होता.

मंगळवारी नूपुरला डेंग्यू झाला.

घरात कोणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे घोषालबाबू हसले, पण ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना दुसऱ्यांच्या नुकसानीची सवय आहे.

गुरुवारी दुपारी वसंत बँकेत, सूनबाई मीना रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलेली, आणि नूपुरच्या मार्गदर्शक पारमिता मॅडम कुठल्याशा परिषदेसाठी विमानात. नूपुरने तापातच मला हाक मारली.

"आजोबा, लॅपटॉप घ्या. सगळं तयार आहे. शेवटच्या पानावर लेखकांची नावं आहेत ती बघा. आभारात कोणी राहिलं असेल तर घाला. आणि मग सबमिट दाबा."

"एवढंच ना?"

"एवढंच," ती म्हणाली आणि झोपली.

मी चष्मा पुसला आणि बसलो. शेवटचं पान उघडलं. लेखक म्हणून तीन नावं होती: नूपुर, पारमिता मॅडम आणि त्यांच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना नूपुर 'हेडसर' म्हणते. आभाराचा रकाना मी शोधला. तो मला दिसला नाही. (तो निबंधाच्या आत होता, हे मला नंतर अनेकांनी, अनेक स्वरांत सांगितलं.) दिसलं ते एक निळं बटण: 'आणखी लेखक जोडा'.

आता मला लेखक आणि आभार यांतला फरक कळत नव्हता असं कोणी समजू नये. पण मी त्या तीन नावांकडे बघत राहिलो. नूपुरने काम केलं, ठीक. मॅडमनी शिकवलं, ठीक. हेडसरांनी काय केलं, तर निबंध दाखवायला नेला तेव्हा आपल्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना एवढं पाहिलं. हे नूपुरनेच जेवताना सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "त्यांचं नाव सगळ्यांच्याच पेपरवर असतं, आजोबा. पद्धत आहे. नाही घातलं तर रुसतात आणि प्रबंधावर सही त्यांचीच लागते."

पद्धत म्हटल्यावर मला सगळं लख्ख कळलं. ही पत्रिकाच होती. फक्त अर्धवट छापलेली. ज्याने एक डास जवळून पाहिला नाही त्याचं नाव वर, आणि ज्यांच्या गच्चीवर डास झाले, ज्यांनी पाच वर्षं टाक्यांची झाकणं उघडू दिली, त्यांचा पत्ता नाही. उद्या हा निबंध छापून आला आणि घोषालबाबूंनी वाचला तर मी जिन्यात त्यांना तोंड कसं दाखवणार होतो?

बटण दाबलं. संगणकाने नाव मागितलं, आडनाव मागितलं आणि ईमेल मागितला. ईमेल माझ्याकडे नव्हते, म्हणून मी वर गेलो. ही माझी पहिली चूक असं मीना म्हणते. वसंत म्हणतो ती दुसरी.

"धुमालदा, जर्नल? म्हणजे खरं जर्नल?" घोषालबाबूंनी दार पूर्ण उघडलं. "माझं नाव घालताय ते योग्यच आहे, माझ्या गच्चीवर सगळ्यात जास्त अळ्या होत्या. पण क्रम वयाने लावा. आणि तळमजल्यावरच्या दत्तांना विसरू नका, नाहीतर ते पाण्याचा पंप बंद करतील."

दत्तांनी आपल्या बायकोचं नाव सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी नावामागे 'डॉ.' लावायची अट घातली. मग मला आठवलं की महाराष्ट्र मंडळाच्या गच्चीवरूनही नमुने नेले होते. श्यामरावांना फोन लावला. श्यामराव मंडळाचे माजी सरचिटणीस. 'माजी' हा शब्द ते स्वतः कधी उच्चारत नाहीत.

"नुसतं नाव नको, धुमाळ," ते म्हणाले. "हुद्द्यासकट. आणि कार्यकारिणी पूर्ण घ्या. अर्धी घेतलीत तर सर्वसाधारण सभेत प्रश्न येईल."

कार्यकारिणी घेतली. घेताना लक्षात आलं की किलबिल राहिली. तेव्हा मंडळातली चौथीतली चैत्राली घेतली, कारण ती नूपुरबरोबर एकदा बादल्या बघत हिंडली होती. तिच्या आईचा ईमेल दिला. मग मालती. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं नाव 'कै.' लावून घातलं, पत्रिकेतही तसंच घातलं होतं. तिचा ईमेल होता, गॅस बुक करायला काढलेला. मग माझं स्वतःचं, निमंत्रक म्हणून, सगळ्यांच्या खाली. आणि उठता उठता सांगलीचा चुलतभाऊ डोळ्यांपुढे आला, तेव्हा पुन्हा बसलो आणि शेवटचा लेखक जोडला. नाव: समस्त. आडनाव: धुमाळ परिवार. ईमेल मीनाचा दिला.

संगणकाने एकालाही नाही म्हटलं नाही. माणसाने एवढ्यात नक्कीच म्हटलं असतं. पाचला पाच कमी असताना मी सबमिट दाबलं आणि चहा टाकला. बऱ्याच दिवसांनी एखादं काम नीट केल्यासारखं वाटत होतं.

साधारण तासाभराने मीना रिपोर्ट घेऊन आली. प्लेटलेट वाढल्या होत्या. ती पर्समधून फोन काढून बघत उभी राहिली.

"बाबा, हे डॉक्टर समस्त कोण?"

"कोण?"

"मला पत्र आलंय. 'प्रिय डॉ. समस्त, या निबंधाचे सहलेखक म्हणून आपले अभिनंदन.'"

मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "नूपुरला विचारलंत का?"

"झोपली होती."

"मग ताप उतरेपर्यंत तिला काही सांगू नका," मीना म्हणाली. सून म्हणून ती माझ्याशी कधी वाकडं बोललेली नाही, पण त्या दिवशी तिने माझा उरलेला चहा न विचारता ओतून टाकला.

पत्र सगळ्या सत्तावीस लेखकांना गेलं होतं. शुक्रवारी सकाळी घोषालबाबू धोतर नेसून खाली आले. एरवी ते दुर्गापूजेला नेसतात. श्यामरावांनी पत्र छापून मंडळाच्या फलकावर लावलं आणि सगळ्या शास्त्रज्ञांचा सत्कार रविवारी ठेवावा असं सुचवलं. शाल कोणाला आणि नुसतं श्रीफळ कोणाला यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. जिन्यात लोक मला वाट देऊ लागले. अंगावर मूठभर मांस चढलं हे मी नाकारत नाही.

सोमवारी नूपुर उठून बसली. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"आजोबा," मग ती म्हणाली, "सत्तावीस?"

"कोणी राहिलं का?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सॉल्ट लेकहून पत्र होतं. त्यातलं माझ्या खोक्यांच्या इंग्रजीत जेवढं मावलं ते असं: दुरुस्तीच्या टप्प्यावर लेखक तिनाचे सत्तावीस कसे झाले? प्रत्येकाने आपण नेमकं काय काम केलं ते लिहून कळवावं. ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव लेखक म्हणून देणं हा नीतिनियमांचा भंग आहे. समाधान झालं नाही तर निबंध रद्द होईल आणि विद्यापीठाला कळवलं जाईल.

"विद्यापीठाला कळवलं तर?" मी विचारलं.

"तर प्रबंध थांबेल. चौकशी होईल. माझ्यावर." तिचा आवाज अजून तापातलाच होता. "पाच वर्षं, आजोबा."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी आयुष्यात क्रेनवरून एकदाच खोकं पाडलं आहे, आत चिनी मातीची भांडी होती. तो आवाज मला परत ऐकू आला.

पारमिता मॅडमनी परदेशातून फोन करून सांगितलं की संपादकांना भेटून सरळ खरं सांगा, त्या बाई कडक आहेत पण ऐकून घेतात. वेळ बुधवारची मिळाली. नूपुरला धड उभं राहवत नव्हतं, तरी ती म्हणाली येणारच. मी म्हटलं मीही येणार, चूक माझी आहे. दार उघडलं तर घोषालबाबू धोतर नेसून जिन्यात उभे.

"तुम्ही कशाला?"

"सहलेखक आहे," ते म्हणाले.

टॅक्सीत त्यांनी सॉल्ट लेकपर्यंत मला पढवलं. कबूल काही करायचं नाही, सगळं लेखी मागायचं, आणि विम्याच्या धंद्यात असे किती दावे त्यांनी फेटाळले ते. आपण आता दुसऱ्या बाजूला आहोत हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

सेक्टर फाइव्हमधल्या त्या काचेच्या इमारतीत खाली पहारेकरी होता. त्याने विचारलं, कोण. घोषालबाबूंनी सांगितलं, लेखक. त्याने विचारलं, तिघंही? त्यावर त्यांनी सांगितलं की आम्ही सत्तावीस आहोत, बाकीचे घरी आहेत. पहारेकऱ्याने वर फोन केला, आमच्या पिशव्या तपासल्या आणि माझ्या पिशवीतली अमेयची पत्रिका उलटसुलट करून बघितली. ती मी मुद्दाम घेतली होती.

संपादक रत्नावली सेन या माझ्याच वयाच्या असाव्यात. बारीक केस, सुती साडी, टेबलावर सहलेखकांनी पाठवलेल्या उत्तरांचा छापील गठ्ठा. आमचं बोलणं बंगालीत झालं.

"ही नावं कोणी भरली?"

"मी," मी म्हणालो. "नातीला ताप होता. तिला ठाऊकही नव्हतं."

"का भरलीत?"

मी पत्रिका पुढे ठेवली. हे निमंत्रक, हे विनीत, ही किलबिल, असं एकेक बोट ठेवून समजावलं. आमच्यात नाव गाळलं की काय होतं ते सांगितलं, सांगलीच्या चुलतभावासकट. त्यांनी पत्रिका नाकाजवळ धरून शांतपणे पाहिली.

"यातल्या किती जणांनी लग्न जमवायला मदत केली?"

"तिघांनी," मी म्हणालो. "दोघांनी मोडायचा प्रयत्न केला. त्यांचीही नावं आहेत."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी गठ्ठा ओढला.

"दोन उत्तरं वाचते. एक: 'प्रकल्पास सुरुवातीपासून नैतिक पाठबळ दिले व वेळोवेळी मौलिक मार्गदर्शन केले.' दुसरं: 'प्रकल्पाला सतत मार्गदर्शन केले व नैतिक पाठबळ दिले.' यातलं एक तुमच्या मंडळाच्या सरचिटणीसांचं आहे."

"माजी," मी म्हणालो.

"आणि एक विभागप्रमुखांचं. मला कोणतं कोणाचं ते वाचून कळलं नाही, म्हणून मी दोघांनाही एकच प्रश्न परत पाठवला. किती नमुने तपासलेत? सरचिटणीसांनी लिहिलं, नमुन्यांशी त्यांचा संबंध आला नाही पण सत्काराला मी यावं. प्रमुखांनी लिहिलं," त्यांनी चष्मा सारखा केला, "'ज्या यादीत चौथीतली मुलगी सहलेखक आहे त्या यादीत माझे नाव असणे माझ्या पदाला शोभत नाही. मी नाव मागे घेत आहे. विद्यार्थिनीविषयी माझी तक्रार नाही.'"

नूपुरने माझ्याकडे पाहिलं. हे नाव कसं काढायचं या काळजीने पाच वर्षांत त्यांच्या विभागात कितीजण झुरले होते कोण जाणे. ते आपल्या पायांनी निघून गेलं होतं, रुसून, आणि तेही दुसऱ्यावर.

"चौथीतल्या मुलीने काय लिहिलंय?" घोषालबाबूंनी विचारलं.

"'मी एक डास मारला.' सगळ्या गठ्ठ्यात हे सगळ्यात प्रामाणिक आहे. पण तिचंही नाव राहणार नाही. आभारात जाईल. तुमचंही, समस्त परिवाराचंही." त्या नूपुरकडे वळल्या. "चूक कशी झाली ते लिहून दे, आजोबांची सही घे. निबंधात मला खोट दिसत नाही. विद्यापीठाला कळवायचं कारण नाही."

नूपुरने इतका वेळ धरलेला श्वास सोडला तो टेबलावरच्या कागदांना लागला. मी पत्रिका परत पिशवीत घातली.

"एकच नाव राहिलं," सेनबाई म्हणाल्या. "मालती धुमाळ. यांचं उत्तर आलं नाही."

"ती माझी आजी," नूपुर म्हणाली. "ती वारली. तिचं नाव मी आभारात घातलं होतं."

"काम काय होतं त्यांचं?"

नूपुर म्हणाली, "नमुने तिने गोळा केले. पहिल्या पावसाळ्यात मला कोणी गच्चीवर जाऊ देत नव्हतं, मी महापालिकेची आहे, दंड करीन असं वाटायचं लोकांना. आजी ओगराळं घेऊन जायची. लांब दांड्याचं, वरणाचं. दर आठवड्याला त्याच टाक्या, तोच क्रम. कोणत्या टाक्या घ्यायच्या तेही तिनेच ठरवलं, कोणत्या घरात पाणी किती दिवस साठवतात ते तिला माहीत होतं. आलेख मी काढले की ती बघून सांगायची, हे घर चुकलंय, परत जा."

"मग लेखक म्हणून का नाही घातलंत?"

"ती प्राध्यापक नव्हती," नूपुर म्हणाली. "आणि मला वाटलं, नसलेल्या माणसाचं नाव..."

"नसलेल्या माणसाचं चालतं. न केलेल्याचं चालत नाही. घरच्याखेरीज सांगणारं कोणी आहे?"

घोषालबाबू उभे राहिले. मला वाटलं, आता हे लेखी मागणार.

"मी सांगतो," ते म्हणाले. "मी काही केलं नाही, हे आधी लिहून घ्या. मी गच्चीचं दार बंद केलं होतं. मालती बऊदी, म्हणजे यांची बायको, दर रविवारी यायच्या आणि दार वाजवत राहायच्या. मी म्हटलं, हे तुमचं डाळीचं ओगराळं माझ्या कमळाच्या कुंडीत घालू नका. त्या म्हणाल्या, घोषालबाबू, कुंडीत कमळ कुठे आहे ते मला दाखवा, मी परत जाते. कमळ नव्हतं. दोन पावसाळे आल्या. अंगात ताप असताना आल्या. शेवटच्या रविवारी जिना चढवेना तर मी कुंडी खाली आणून दिली." ते बसले. "तेवढं माझं काम. ते आभारातही नको."

मला हे ठाऊक नव्हतं. ती रविवारी वर जाते म्हणजे गप्पांना जाते असंच मी धरून चाललो होतो.

सेनबाईंनी घोषालबाबूंचं म्हणणं लिहून त्यांची सही घेतली. मग म्हणाल्या, हयात नसलेल्या लेखकाच्या नावाखाली एक ओळ द्यावी लागते, मजकूर घरच्यांनी पाठवावा, फुलं-पानं नकोत, फक्त कोण आणि कधी.

येताना टॅक्सीत नूपुर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, अंग गार होतं. श्यामरावांचा फोन आला की सत्कार रद्द करायचा तर श्रीफळांचं काय करायचं. मी सांगितलं, खोबरं करा.

निबंध नोव्हेंबरात स्वीकारला गेला, नूपुरने प्रबंध वेळेत दिला, आणि हेडसरांनी सही केली. लेखक तीन: नूपुर धुमाळ, मालती धुमाळ आणि पारमिता मॅडम. 'कै.' त्यांनी काढलं. खालची ओळ लिहायचं काम घरात मला दिलं आणि मी ती एका बोटाने स्वतः टाइप केली: दुसऱ्या लेखिका मालती धुमाळ यांचे बालीगंज, कोलकाता येथील राहत्या घरी मंगळवार, २१ नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झाले.